ॲपच्या आधी वही: कोकणात डिजिटल आरोग्यावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

विचारणा अशी आहे. सार्वजनिक आरोग्यात नुकतेच पदव्युत्तर शिक्षण झालेल्या एका संशोधकाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत अठरा महिने काम करायचे आहे. रक्तदाबाच्या रुग्णांचा पाठपुरावा करायला आशांच्या (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या) हाती ॲप द्यायचे, परिणाम मोजायचा आणि त्यावरून जिल्ह्याला धोरणाची शिफारस करायची, असा बेत आहे. सुरुवात कुठून करावी, परवानग्या कोणाच्या लागतात आणि काम कुठे फसते, हे विचारले आहे.

पहिले तीन महिने ॲपला हात लावू नका. एका रुग्णाची नोंद धरा आणि तिच्या मागोमाग चालत जा. समजा, वाडीतली ५८ वर्षांची एक बाई आहे. आशा तिचा सीबॅक फॉर्म भरते (असंसर्गजन्य आजारांचा धोका जोखणारी प्रश्नावली, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची भरायची असते) आणि गुण ४ च्या वर गेले की तिला तपासणीसाठी आधी बोलावायचे असते. ती उपकेंद्रात येते, समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब घेतात, वहीत लिहितात, मग असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर चढवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी गोळी सुरू करतात आणि त्यांच्या ओपीडीच्या रजिस्टरात वेगळी नोंद होते. महिन्याने गोळ्या संपतात. आता ती परत आली का, हे कोणाला कळते? प्रत्येक टप्प्यावर पाच गोष्टी टिपा: कोण लिहिते, कशावर लिहिते, कधी लिहिते, किती मिनिटे लागतात आणि लिहिलेले नंतर कोण वाचते. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. माहिती वर जाते, तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला. ज्या आशाने ती गोळा केली, तिच्याकडे मात्र 'या महिन्यात या सात जणांनी गोळ्या नेल्या नाहीत' अशी यादी होऊन परत येत नाही. तुमच्या संशोधनाचा खरा विषय ही न येणारी यादी आहे. ॲप हे ती परत आणायचे एक साधन. कागदाच्या चिठ्ठीने काम भागत असेल तर तेही लिहून टाका, तोही निष्कर्षच आहे.

आशाची वही जवळून पाहा. पावसात भिजू नये म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत असते. एका पानावर गरोदर माता, पुढच्या पानावर लसीकरण, मध्येच दुमडलेला कागद, त्यावर बीपी-शुगरवाल्यांची नावे. नावापुढे तारीख, आकडा आणि लाल पेनने 'मुं.' असे एक अक्षर, म्हणजे माणूस मुंबईला गेला. पोर्टलवर या 'मुं.' साठी रकाना नसतो, तिथे तो रुग्ण नुसता 'आला नाही' होतो. या एका अक्षरातली माहिती कोकणात सगळ्यात मोलाची आहे. तुमच्या फॉर्ममध्ये तिला जागा हवी: मुंबईला गेले, खासगी डॉक्टरकडे औषध चालू, बरे वाटले म्हणून बंद, गोळ्या केंद्रातच नव्हत्या, वारले. 'पाठपुरावा सुटला' या एकाच खान्यात हे पाचही कोंबलेत तर पुढचे सगळे विश्लेषण फुकट जाते, कारण पाचही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत.

मग छेदाचा प्रश्न. टक्केवारी काढायची तर खाली किती माणसे धरायची? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या २००१ च्या मानाने घटली, १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गातही तेच झाले. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष मुंबईत, घरी म्हातारी माणसे, बायका, मुले, आणि कितीतरी घरांना वर्षातले दहा महिने कुलूप. आशाकडची कुटुंब यादी, ग्रामपंचायतीची मतदार यादी आणि रेशनची यादी या तिन्ही जुळत नाहीत. एक वाडी निवडा, गटप्रवर्तकांना (आशांच्या पर्यवेक्षिकांना) सोबत घ्या आणि दारोदार फिरून तिन्ही याद्या पडताळा. किती नावे प्रत्यक्ष राहतात, हे प्रमाण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. उलट बाजूही बघा. हर्णै, नाटे, मिरकरवाडा इथल्या बोटींवरचे बाहेरून आलेले खलाशी आणि आंब्याच्या बागांत हंगामभर राहणारे नेपाळी राखणदार या तिन्हींपैकी कोणत्याही यादीत सापडत नाहीत. रक्तदाब त्यांनाही असतो.

फिरतीचा काळही विचाराने ठरवा. गणपतीत घर भरलेले असते, म्हणून तेव्हा पाहणी सोयीची वाटते, पण तेव्हा मोजलेले गाव वर्षभराचे गाव नसते. शिमग्याचेही तसेच. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी, मार्च ते मे आंबा-काजू. सर्वसाधारण वाड्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मच्छीमारांसाठी मात्र हिशेब उलटा: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हाच ते घरी भेटतात. म्हणजे भर पावसात कोळीवाड्यात जायची तयारी ठेवावी लागते.

ओळख पटवण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळी डिजिटल रचना त्यावर उभी आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झाले. त्यातला आभा क्रमांक (रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक) १४ अंकी असतो आणि तो ऐच्छिक आहे. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात साठत नाहीत, त्या ज्या त्या रुग्णालयाकडे राहतात आणि रुग्णाच्या संमतीने पुढे जातात. कागदावर रचना चांगली आहे. उपकेंद्राच्या ओसरीवर काय होते ते पाहा. आजी पिशवीतून आधार काढते, सेविका नंबर टाकते, ओटीपी जातो नालासोपाऱ्याला, मुलाच्या मोबाइलवर. मुलगा लोकलमध्ये. त्याने फोन उचलेपर्यंत मुदत संपते. दुसऱ्यांदा पाठवला की तो विचारतो, "बँकेचा तर नाय ना?" आणि त्याचे विचारणे रास्तच आहे. बोटाच्या ठशाचा मार्ग असतो, पण आयुष्यभर भातशेती केलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत, आणि काजू सोलणाऱ्या बायकांची तर टरफलातल्या तेलाने बोटांची कातडीच जळालेली असते. पुढे जिथे मोबाइलचा रकाना सक्तीचा असतो, तिथे सेविका नाइलाजाने स्वतःचा नंबर टाकते. म्हणून कोणतीही जुनी यादी हातात आली की पहिली चाचणी ही करा: एकाच मोबाइल क्रमांकावर किती रुग्ण आहेत ते मोजा. एका नंबरवर चार-पाच म्हणजे कुटुंब असेल. चाळीस असतील तर तो कर्मचाऱ्याचा नंबर आहे, आणि एसएमएसने गोळ्यांची आठवण करायचा तुमचा बेत तिथेच संपला.

नावे जुळवणे हा दुसरा खड्डा. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, तिची एक नोंद माहेरच्या नावाने, एक सासरच्या. वयाऐवजी जन्मवर्ष, तेही अंदाजाने, म्हणून निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारी. त्यात देवनागरीच्या संगणकीय खोडी. 'कुऱ्हाडे' मधला ऱ दोन प्रकारे टंकला जातो, थेट 'ऱ' हे अक्षर किंवा 'र' आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला दोन वेगळी नावे वाटतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण केले की ही जोडी एक होते. 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेले 'अॅ' ही जोडी मात्र त्याने एक होत नाही, ती स्वतः नियम लिहून बदलावी लागते. नावांत लपलेले शून्य रुंदीचे जोडचिन्हही काढून टाका. यानंतर वाडी, घर क्रमांक, लिंग आणि जन्मवर्ष दोन वर्षे मागेपुढे, यांवर जोड्या लावा आणि त्यांतल्या १०० जोड्या आशाला समोर बसवून तपासा. जे कोडे संगणकाला सुटत नाही ते ती पाच सेकंदांत सोडवते.

आता मोजमाप. चुकीचा रक्तदाब वेगाने वर पोहोचवणे ही प्रगती नव्हे. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकवून बसणे, पाय जमिनीला, दंड छातीच्या पातळीवर, बोलणे बंद, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वेळा मोजणे. घाटी चढून आलेल्या बाईचा दाब लगेच घेतला तर तो रक्तदाब नसून चढणीचा दाब असतो. नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. दंड जाड आणि कफ लहान असला की आकडा खोटा वाढतो, म्हणून प्रत्येक उपकेंद्रात मोठा कफही ठेवा. मनगटावरचे यंत्र नको. खाऱ्या हवेत सेलच्या खाचेतली पट्टी हिरवी पडते, ती महिन्यातून एकदा पुसायची सवय लावा.

आकडे खरोखर मोजलेले आहेत की मनाने लिहिलेले, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. वरच्या दाबाचा शेवटचा अंक बघा. डिजिटल यंत्रावर ० ते ९ प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. शून्य चाळीस-पन्नास टक्के येत असेल तर कोणीतरी १३०, १४० असे गोल आकडे टाकत आहे. १४० च्या अगदी खाली, १३६-१३८ ला ढीग दिसला तर लक्ष्य गाठायचा दबाव आहे असे समजा. पण हा तक्ता कर्मचाऱ्यांना पकडायला वापरू नका. सेल संपलेले यंत्र, दिवसाला साठ रुग्ण आणि संध्याकाळपर्यंत पोर्टल भरण्याचा आदेश एकत्र आले की कोणीही असेच करील.

रेंजचा नकाशा ॲप निवडण्याआधी करा. सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) रेंज असते, खाली खलाटीत नसते, आणि आशाचे घर बहुतेक खाली असते. प्रत्येक वाडीत, तिथे चालणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या सिमवर, सकाळी आणि संध्याकाळी, एक एमबीची फाइल चढवून किती सेकंद लागतात ते लिहा. ओडीके किंवा कोबोसारखी साधने रेंज नसताना फोनमध्ये फॉर्म साठवतात, पण 'साठवला' आणि 'पाठवला' यांतला फरक प्रशिक्षणात तीन वेळा करून दाखवावा लागतो. भेटीची तारीख आणि अपलोडची तारीख वेगळी ठेवा. चार दिवस वीज गेली, मग शुक्रवारी सगळे एकदम चढले, की अपलोडच्या तारखेने काढलेल्या आलेखात सगळ्या वाड्यांना शुक्रवारीच भेटी दिलेल्या दिसतात. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस ना वीज ना फोन. त्या काळात कोणाला कोणती गोळी चालू आहे हे फक्त कागदावर उरते. म्हणून रुग्णाच्या हातातले कार्ड बंद करू नका. नाव, औषध, मात्रा, शेवटचा दाब, पुढची तारीख, इतके त्यावर हवेच.

परवानग्यांमध्ये नवखे लोक एकच चूक करतात, जिल्ह्यातल्या एकाच अधिकाऱ्याचे पत्र घेऊन निघतात. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतात. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. तुमचा रुग्ण दोन्हीकडे जातो, म्हणून पत्रे दोन हवीत आणि त्यांची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. त्याआधी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असलेल्या नीतिमत्ता समितीची मंजुरी. आधार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा घ्या. हस्तक्षेपाची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी. आणि कोणी प्रेमाने दिले तरी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचे पोर्टलचे लॉगिन वापरू नका. काम अडले तर एकत्रित आकडे लेखी मागा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संशोधनाला सवलत आहे असे ऐकून अनेक जण निर्धास्त होतात. सवलतीतली अट नीट वाचा: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जाणार नसेल तरच. तुमचे ॲप तर 'या बाईकडे उद्या जा' असे सांगणार. हा त्या व्यक्तीबाबतचा निर्णयच झाला. म्हणून सवलतीवर विसंबू नका, संमती नीट घ्या. सूचना मराठीत असू द्या आणि तोंडी सांगताना मालवणी किंवा संगमेश्वरीत सांगा. कोकणात सही म्हटले की जमीन आठवते. 'सातबाऱ्याशी काही संबंध नाही' हे वाक्य स्वतःहून उच्चारा. अंगठा घेत असाल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. आधार क्रमांक संशोधनाच्या फॉर्ममध्ये घेऊच नका, स्वतःचा अभ्यास क्रमांक द्या. आणि पंधरा घरांच्या वाडीत 'स्त्री, ७२ वर्षे, मधुमेह' एवढे लिहिले तरी गावाला नाव कळते. जिथे रुग्ण दहापेक्षा कमी, तिथे वाड्या एकत्र करूनच आकडे छापा. ॲप जर आकड्यावरून निदान किंवा औषध सुचवणार असेल तर ते वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत जाऊ शकते. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही त्या नियमनात आहे. तुमच्या कामाला निदानाची गरज नाही, तारीख आणि यादी पुरे.

नमुन्याचा आकार बहुतेक जण कमी धरतात. समजा ३० टक्के प्रमाण अपेक्षित आहे आणि अंदाज ५ टक्के इकडेतिकडे हवा. साध्या नमुन्यात ३२३ माणसे लागतात. पण तुम्ही वाडीवाडीने घेणार आणि एका वाडीतली माणसे एकमेकांसारखी असतात. प्रत्येक वाडीत २० जण आणि वाडीअंतर्गत साम्य ०.०५ धरले तर गुणक १ + (१९ × ०.०५) = १.९५. म्हणजे ६३०, आणि दहा टक्के न भेटणारे धरून ७००. पस्तीस वाड्या. परिणाम तपासताना निव्वळ आधी आणि नंतर अशी तुलना नको. आधीचे मोजमाप पावसात आणि नंतरचे हिवाळ्यात झाले तर फरक ॲपचा की ऋतूचा, हे सांगता येणार नाही. बारा उपकेंद्रे घ्या, चिठ्ठ्या टाकून चार-चारच्या तीन तुकड्या करा आणि दर तीन महिन्यांनी एक तुकडी सुरू करा. उशिरा सुरू होणारी उपकेंद्रे तोवर तुलनेला मिळतात, आणि कोणालाही वंचित ठेवले असे होत नाही.

यश कशाला म्हणायचे? तयार झालेली कार्डे, झालेली नोंदणी, टेलिकन्सल्टेशनची संख्या हे यश नव्हे. समजा, एका उपकेंद्रात २०० जण नोंदले, या तिमाहीत ८० आले, त्यांतल्या ६० जणांचा दाब १४०/९० च्या खाली. अहवालात '७५ टक्के नियंत्रण' असे लिहिता येते, आणि तो आकडा चूक नाही, तरी तो दिशाभूल करतो. नोंदलेल्या २०० पैकी ६० म्हणजे ३० टक्के. न आलेल्या १२० माणसांचा आकडा पहिल्या ओळीत यायला हवा. रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी आहे, आणि तिथेही नियंत्रणात, नियंत्रणाबाहेर आणि न आलेले असे तीन गट मोजतात. तीच व्याख्या घ्या, म्हणजे तुमचे आकडे इतर जिल्ह्यांशी ताडता येतील.

शेवटी शिफारशीबद्दल. चाळीस पानी अहवाल जिल्हा परिषदेत वाचला जात नाही. एक पान द्या: न आलेल्यांचा आकडा, कारणांची विभागणी, तालुक्याचा एक नकाशा, आणि नेमका कोणता आदेश कोणाच्या सहीने बदलायचा ते. 'जनजागृती वाढवावी' असे लिहू नका. 'उपकेंद्राने दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत न आलेल्यांची यादी आशाला द्यावी, आणि त्या बदल्यात अमुक वहीतली दुहेरी नोंद बंद करावी' असे लिहा. नवी नोंद आणताना जुनी एक बंद झाली नाही तर आशाच्या दिवसातली वीस मिनिटे जातात, आणि ती ही मिनिटे गृहभेटीतूनच काढते. खर्चाच्या तक्त्यात दर महिन्याचा रिचार्ज, तीन वर्षांनी नवा फोन, बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि सर्व्हर यांची तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून, ते दाखवा. प्रायोगिक प्रकल्प ॲप वाईट म्हणून क्वचित मरतात, अनुदान संपल्यावर रिचार्ज कोणी भरायचा हे ठरलेले नसते म्हणून मरतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा (एनएचएम) आराखडा जिल्ह्यातून वर जाण्याआधी हे पान टेबलावर हवे. तो गेला की पुढच्या आराखड्यावर गेले.

आणि ते पान वर पाठवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशांच्या मासिक सभेत वाचून दाखवा, नावांच्या यादीसकट, दार लावून. 'हे वारले', 'ही लेकीकडे ठाण्याजवळ दिव्याला असते', 'ह्यांच्या गोळ्या मीच नेऊन देते' अशा दुरुस्त्या तिथल्या तिथे होतात. त्या लिहून घ्यायला यादीच्या उजवीकडे एक रुंद कोरा रकाना ठेवा.